एक फोन, एक टीव्ही आणि साठ पोरं: वर्गात टेक्नॉलॉजी आणायची तरी कशी

शाळेत टीव्ही लागतो, नारळ फुटतो, फोटो निघतात, 'आमची डिजिटल शाळा' म्हणून ग्रुपवर जातात, आणि दोन महिन्यांनी बघावं तर धूळ बसू नये म्हणून त्या टीव्हीवर टेबलक्लॉथ टाकलेला असतो आणि रिमोट ऑफिसच्या कपाटात. ठाणं म्हणा नवी मुंबई म्हणा, आपल्या मराठी माध्यमाच्या शाळांत हे दृश्य काही नवीन नाही. यात शिक्षकांचा आळस कमी आणि नीट कोणी सांगितलंच नाही हे जास्त. ट्रेनिंगला जातो आपण, तिथे डझनभर ॲपची नावं सांगतात, लिंका पाठवतात, चहा-बिस्किट होतं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात समोर साठ पोरं, पस्तीस मिनिटांचा तास आणि नेटच्या दोन काड्या.

मी ऐरोलीत सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवते. हे सगळं अशा वर्गासाठी लिहितेय जिथे एक टीव्ही किंवा प्रोजेक्टर आहे, बाईंचा किंवा सरांचा स्वतःचा फोन आहे आणि मुलांच्या हातात काहीही नाही. प्रत्येक पोराला टॅब्लेट असलेल्या शाळा पण आहेत आजूबाजूला, त्यांनी वाचायला हरकत नाही, पण त्यांची दुखणी वेगळी.

माझं म्हणणं एकच. ॲप शोधायच्या आधी ठरवा की या तासाला मुलं स्वतः काय करणारेत, काहीतरी मोजणारेत, काहीतरी तपासून बघणारेत की काहीतरी बनवणारेत. तिन्हीपैकी एकही नसेल तर तो तास सरळ खडू-फळ्याने घ्या, चांगला होतो.

आधी वायर आणि रिमोट

हा भाग कंटाळवाणा आहे पण निम्मे डिजिटल तास इथेच मरतात. तर, सगळ्यात भरवशाचा पेनड्राइव्ह. व्हिडिओ, फोटो, पीडीएफचे फोटो करून पेनड्राइव्हवर टाका आणि टीव्हीच्या मागे खोचा, बहुतेक टीव्ही घेतात. त्याच्या खालोखाल लॅपटॉप आणि एचडीएमआय वायर. फोन वायरने जोडायचा विचार असेल तर आधी तपासा, कारण आपले बरेचसे स्वस्तातले अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या पिनमधून चित्र बाहेर देतच नाहीत, ॲडॉप्टरचे पैसे वाया जातात. स्क्रीन मिररिंग नावाचा प्रकार मात्र बऱ्याच फोन-टीव्हीत असतो आणि त्याला नेट लागत नाही, फोन आणि टीव्ही एकमेकांशी थेट बोलतात. हे एकदा शाळा सुटल्यावर करून बघा. मुलांसमोर पहिल्यांदा करायला जाल तर दहा मिनिटं 'सर्चिंग' बघत बसाल आणि मागच्या बाकावर तोपर्यंत दुसरा कार्यक्रम सुरू झालेला असेल.

फोन जोडायच्या आधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावा, हे विसरू नका, नाहीतर अपूर्णांकांच्या बेरजेच्या ऐन मधोमध नणंदेने पाठवलेला गुड मॉर्निंगचा गुलाब पन्नास इंची टीव्हीवर उमलतो आणि मग तो तास तुमचा राहत नाही. अक्षरं किती मोठी हवीत ते शेवटच्या बाकावर स्वतः बसून ठरवा. खिडकीचा उजेड पडद्यावर येत असेल तर पडदा शिवायचा खर्च प्रोजेक्टर बदलण्यापेक्षा कितीतरी कमी आहे.

पुस्तकातले क्यूआर कोड आपल्या सगळ्यांना माहीत आहेत, ते स्कॅन करून व्हिडिओ दाखवणारं सरकारी दीक्षा ॲप २०१७ पासून आहे. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणायचं काम सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी सुरू केलं, पुढे २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळालं. पण कोड वर्गात स्कॅन करत बसू नका, घरी वायफायवर दीक्षात डाउनलोड करून आणा, तिथे ती सोय आहे. आणि व्हिडिओ सलग लावू नका. दोन-तीन मिनिटांनी थांबवा, 'आता पुढे काय होईल ते वहीत लिहा' म्हणा, मग पुढचा दाखवा. पूर्ण तास व्हिडिओ म्हणजे पोरांना डुलकी आणि आपल्याला वह्या तपासायला वेळ, हे आपण एकमेकांत मान्य करून टाकू.

फोनचा कॅमेरा खाली

पैसे न घालता होणारी सगळ्यात उपयोगाची गोष्ट ही. शाळेला हजारो रुपयांचा डॉक्युमेंट कॅमेरा विकायला लोक येतात, त्याची गरज नाही. टेबलावर स्टीलचा उंच डबा ठेवा, त्यावर एखादं जाड पुस्तक असं ठेवा की अर्धं बाहेर येईल, बाहेर आलेल्या भागावर टीव्हीला जोडलेला फोन आडवा, स्क्रीन वर आणि कॅमेरा खाली, कॅमेऱ्याची भिंगं पुस्तकाच्या कडेच्या जरा पुढे, आणि डब्याच्या बाजूला पुस्तकावर अजून एक पुस्तक वजनाला. कॅमेरा उघडा, स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस लॉक होतो, ऑटो-रोटेट बंद करा. झालं. आता फोनखाली कागद ठेवून कंपासने कोन दुभागा, साठ पोरांना कंपासचं टोक नेमकं कुठे टेकलं ते दिसतं. फळ्यावरच्या त्या लाकडी कंपासने हे कधीच दिसत नव्हतं, तो निम्म्या वेळा घसरायचाच.

मग एखाद्या मुलाची वही त्याला विचारून, नावावर कागद ठेवून, फोनखाली ठेवायची. उदाहरण सोडवताना कुठे गाडी रुळावरून उतरली ते वर्गाने शोधायचं. पहिले काही दिवस पोरं लाजतात, नंतर 'बाई माझी ठेवा' सुरू होतं. भाषेच्या बाईंना मी सांगेन की याच टीव्हीवर फोनच्या कीबोर्डचं मराठी व्हॉइस टायपिंग चालू करा, एका मुलाला चार वाक्यं बोलू द्या, फोन ती टाइप करेल, आणि बाकीच्यांनी त्यातले ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हं वहीत सुधारून लिहायची. फोन बऱ्यापैकी लिहितो पण पूर्णविराम वगैरे त्याला फारसं जमत नाही, त्यामुळे मुलांना काम उरतं. शुद्धलेखन या एका युक्तीने जेवढं होतं तेवढं दहा ओळी रोज लिहून होत नाही, हे आमच्या मराठीच्या बाईंचं मत, माझं नाही.

विज्ञानाला फोल्डस्कोप मिळाला तर घ्या, स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांच्या टीमने केलेला कागदाचा मायक्रोस्कोप आहे, साधारण १४० पट मोठं दाखवतो आणि फोनच्या कॅमेऱ्याला चिकटतो. कांद्याची साल, आयोडिनचा थेंब, आणि पेशी टीव्हीवर. शाळेत जुना मायक्रोस्कोप असेल तर त्याच्या डोळ्याच्या भिंगाला फोन धरला तरी चालतं, फक्त हात थरथरता कामा नये, म्हणून हे काम वर्गातल्या सगळ्यात शांत पोराला द्या.

कार्डांचा खेळ

'कळलं का?' म्हटलं की 'होऽऽ बाई' येतं आणि त्या 'हो'चा काही उपयोग नसतो हे दोन वर्षं शिकवलेल्या कोणालाही कळतं. यावर प्लिकर्स नावाचं ॲप आहे आणि त्याची गंमत अशी की फोन फक्त शिक्षकाकडे लागतो. मुलांकडे कागदाचं कार्ड. प्रत्येक कार्डावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांची वेगळी नक्षी असते, चार बाजूंना बारीक अक्षरात ए बी सी डी लिहिलेलं असतं, आपलं उत्तर बी असेल तर बी वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवायचा, प्रत्येक कार्ड कोणाचं आणि त्याने काय उत्तर दिलं ते फोनवर उमटत जातं. अक्षरं इतकी बारीक असतात आणि नक्षी इतक्या वेगळ्या की शेजारच्याचं बघून काही उपयोग होत नाही. ६३ कार्डांचा संच साइटवर फुकट मिळतो, म्हणजे आपली पटसंख्या पण मावते.

आता कामाच्या गोष्टी. कार्ड नंबर म्हणजेच हजेरी नंबर ठेवा, वेगळी यादी सांभाळायला लागत नाही. प्रिंट झेरॉक्सवाल्याकडे करताना काळं गडद येतंय ना बघा, फिकं आलं की कॅमेरा ओळखत नाही. चकचकीत लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाइट त्यावर चमकते आणि कार्ड वाचलं जात नाही, त्यापेक्षा जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर चिकटवा. पोरांना शिकवायचं की कार्ड कडेला धरा, बोटं काळ्यावर येऊ देऊ नका, आणि हलवू नका. पहिल्या दिवशी कार्डाचा पंखा होतो, तलवार होते, तो दिवस तसाच जाऊ द्या. ॲपला नेट लागतं, पण फोनचा डेटा पुरतो, फार खात नाही.

खरी मेहनत प्रश्नात आहे. चुकीचे पर्याय उगाच टाकलेले नसावेत, प्रत्येक चुकीचा पर्याय म्हणजे मुलं खरोखर करतात ती चूक असली पाहिजे. उदाहरण देते, १/३ + १/४ किती? पर्याय ७/१२, २/७, १/१२, २/१२. यात २/७ म्हणणाऱ्याने वर-वरचे आणि खाल-खालचे सरळ मिळवले, १/१२ वाल्याने गुणाकार केला, २/१२ वाल्याने छेद सारखा केला पण अंश तसेच ठेवले. म्हणजे कार्डं वर झाली की मला नुसतं किती चुकले ते कळत नाही, कोणाला उद्या काय परत शिकवायचं ते नावानिशी कळतं.

आणि लगेच बरोबर उत्तर सांगून टाकू नका. हार्वर्डला फिजिक्स शिकवणारे एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत रूढ केली, उत्तर न सांगता मुलांना शेजाऱ्याशी वाद घालायला लावायचं आणि परत मत घ्यायचं. वर्गात साधारण तीस ते सत्तर टक्के बरोबर असतील तेव्हा हे सगळ्यात छान चालतं. त्याहून कमी असतील तर परत शिकवा, जास्त असतील तर पुढे चला. दोन मिनिटं प्रचंड गोंगाट होतो, शेजारच्या वर्गातून सर डोकावतात, डोकावू द्या. दुसऱ्यांदा कार्डं वर झाली की २/७ वाले बरेच कमी झालेले असतात आणि ते माझ्यामुळे नाही, बाजूच्याने 'अरे अर्ध्या आणि पाव भाकरीचे दोन षष्ठांश होतील का, ते तर अर्ध्याहून पण कमी झाले' असं काहीतरी सांगितल्यामुळे.

रोज करू नका. आठवड्यातून दोनदा, तीन-तीन प्रश्न, बास.

बाटली, पट्टी आणि शीट

आता हा माझा लाडका भाग, जरा लांबेल. एक्सेल शिकवा, डेटा शिकवा असं सगळे म्हणतात आणि मग पुस्तकातला 'एका फळविक्रेत्याने विकलेली फळे' असा तक्ता टाइप करायला देतात. कशाला? आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत आकाशातून डेटा पडतो.

दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्या, सरळ भिंतींची, कमरेत बारीक असलेली नको. वरचा निमुळता भाग कापा आणि उलटा करून त्यातच नरसाळ्यासारखा बसवा, कडा चिकटपट्टीने बंद. बुडाला खळगे असतात म्हणून तळात थोडे खडे टाका, वाऱ्याने बाटली पडत पण नाही, आणि सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरून खूण करा, ते शून्य. शून्यापासून वर प्लास्टिकची पट्टी चिकटवा. तोंड आणि अंग एकाच रुंदीचं असल्यामुळे जेवढे मिलिमीटर पाणी चढलं तेवढे मिलिमीटर पाऊस, काही भागाकार नाही. गच्चीवर मोकळ्यात ठेवा, भिंतीच्या किंवा पत्र्याच्या कडेला ठेवली तर पत्र्याचं पाणी पण मोजाल. वेळ सकाळी साडेआठ, कारण हवामान खातं पण चोवीस तासांचा पाऊस साडेआठलाच मोजतं. रीडिंग घेतलं की परत शून्याच्या खुणेपर्यंत आणायचं, पावसाळा म्हणून जोडीने दोन मुलं पाठवा आणि एकाने वाचलेलं दुसऱ्याने न सांगता परत वाचायचं.

हे आकडे शीटमध्ये जातात, गूगल शीट्स किंवा लॅबमधल्या जुन्या पीसीवर लिब्रेऑफिस कॅल्क, काहीही. पहिला कॉलम तारीख, दुसरा मिलिमीटर, तिसऱ्यात मुलांनी फॉर्म्युला लिहायचा. हवामान खात्याच्या पायऱ्या अशा आहेत: ६४.५ ते ११५.५ मिमी मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार, त्याच्या वर अत्यंत मुसळधार. इफचा फॉर्म्युला, म्हणजे 'असं असेल तर हे लिही, नाहीतर ते', इथे शिकवा. मुलं बहुतेक वेळा छोट्या आकड्यापासून सुरू करतात, '६४.५ पेक्षा जास्त असेल तर मुसळधार', आणि मग २१० मिमी टाकून बघितलं तरी शीट नुसतं मुसळधारच म्हणते कारण पहिलाच प्रश्न खरा ठरला आणि शीट पुढे गेलीच नाही. लगेच सांगू नका. बघू द्या, डोकं खाजवू द्या, कोणीतरी म्हणतंच की बाई आधी मोठ्ठा विचारायला पाहिजे. लॉजिक म्हणतात ते हेच, आणि हे कळायला कोडिंगचा महागडा कोर्स लागला नाही. मग रंग द्यायचे, आलेख काढायचा, ते मुलं आपली आपण शोधून काढतात, आपण चहा प्यावा.

दोन गोष्टींवर वर्गात हमखास भांडणं होतात आणि ती होऊ द्यावीत. एक म्हणजे रविवार. सोमवारी सकाळी बाटलीत शनिवारपासूनचं पाणी असतं, मग ते रविवार-सोमवारमध्ये अर्धं-अर्धं वाटायचं का? माझा नियम, वाटायचं नाही, 'दोन दिवसांचा मिळून' असं लिहायचं आणि रविवारचा रकाना रिकामा ठेवायचा, रिकामा आणि शून्य वेगळे. सरासरी काढताना हा फरक किती महाग पडतो ते करून दाखवा. दुसरं, बाटली भरून वाहिली तर. सरळ भाग असतोच पंधरा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे अत्यंत मुसळधार पाऊस त्यात मावतच नाही. इथे २६ जुलै २००५ आणा. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. हा आकडा नुसता सांगू नका, वर्गाच्या भिंतीवर जमिनीपासून पट्टीने मोजून खडूची खूण करायला लावा आणि प्रत्येकाने तिथे उभं राहून बघायचं. सातवीच्या पोराच्या कमरेच्या वर येते ती रेघ. घरी आई-बाबांना विचारून या म्हटलं की दुसऱ्या दिवशी कळव्याला अडकलेले, रुळावरून चालत आलेले, गाडीच्या टपावर रात्र काढलेले, सगळे वर्गात येतात.

पुढची पायरी, मोरबे. नवी मुंबईच्या नळाला येणारं पाणी मोरबे धरणाचं, ते ८८ मीटरला भरतं, आणि पावसाळ्यात त्याची पातळी पेपरात येत असते. ती चौथ्या कॉलममध्ये टाका. मुलांना वाटतं आपल्याकडे धो धो पडला म्हणजे धरण भरलं पाहिजे, आणि आलेखात तसं दिसत नाही, कधी इकडे कोरडं आणि पातळी चढतेय. मग नकाशा उघडावा लागतो, धरण रायगड जिल्ह्यात खालापूरकडे आहे हे कळतं, पाऊस तिकडे पडायला हवा हे कळतं. ठाण्याच्या शाळांनी मोरबेच्या जागी भातसा किंवा बारवी घ्यावं.

नकाशा उघडलाच आहे तर गूगल अर्थमध्ये उलवे शोधा आणि जुनी उपग्रह चित्रं दाखवणारी पट्टी मागे ओढा. तिथल्या नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, पण पंधरा वर्षं मागे गेलात तर तिथे अख्खी टेकडी दिसते, ती सपाट होताना वर्षागणिक दिसते, उलवे नदीचा वळवलेला प्रवाह दिसतो. मोजपट्टीचं टूल घेऊन धावपट्टी मोजायला लावा, ३,७०० मीटरच्या जवळपास आलं पाहिजे. भूगोल, गणित आणि घरी चालणारी 'आमची जमीन गेली' ही चर्चा, एकाच तासात. हा तास मी दरवेळी ठरवल्यापेक्षा लांबवते.

कोडिंग, म्हणजे लॅब असेल तर

आधी कॉम्प्युटरशिवाय. एका मुलाला रोबो करा, तो सांगितलेलं तेवढंच करणार. बाकीच्यांनी त्याला दारापासून फळ्यापर्यंत आणून खडू उचलायला लावायचा. 'पुढे जा' म्हटलं की तो भिंतीला जाऊन थडकतो कारण कुठे थांबायचं ते कोणी सांगितलं नाही. वर्ग हसतो, आणि प्रोग्रॅम म्हणजे काय ते कळलेलं असतं.

मग स्क्रॅच, म्हणजे रंगीत ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायचं सॉफ्टवेअर. एमआयटीचं आहे, २००७ पासून, फुकट. नेट नसेल तर ऑफलाइन ॲप टाका, फक्त नवी आवृत्ती विंडोज १० मागते, लॅबमध्ये जुने डबे असतील तर १.४ टाका, छान चालतं. पहिला प्रोजेक्ट मांजर नाचवायचा करू नका, पाढे विचारणारा खेळ बनवायला लावा. दोन रँडम आकडे, गुणाकार विचार, बरोबर तर गुण वाढव. सहावीतल्या मुलांना तो खेळ चौथीच्या वर्गात नेऊन खेळवायचा असतो म्हणून ती जीव तोडून करतात. एका पीसीवर तिघं असतील तर एक माऊसवर, एक सांगणार, एक वहीत लिहिणार, आणि दर दहा मिनिटांनी घड्याळ बघून बदल, नाहीतर ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तोच माऊस सोडत नाही. मुली मागे उभ्या राहतात हे पण बघा, मी माऊस पहिल्यांदा त्यांच्याच हातात देते.

विद्युत परिपथासाठी फेट वापरा, स्क्रीनवर प्रयोग करून बघायचं कोलोरॅडो विद्यापीठाचं साधन, मराठीत पण आहे आणि डाउनलोड करून नेटशिवाय चालतं. स्क्रीनवर शॉर्टसर्किट केलं की आग लागते, पोरं मुद्दाम लावतात. पण त्याच तासाला खरा सेल, खरी वायर आणि टॉर्चचा बल्ब हातात द्या. स्क्रीनवरचा बल्ब कायम पेटतो, खरा वायर नीट न लागल्याने पेटत नाही, आणि का पेटला नाही हे शोधण्यातच विज्ञान आहे. जवळच्या एखाद्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली, मुलांनी हाताने वस्तू बनवून बघायची लॅब) असेल तर मुख्याध्यापकांकरवी अर्धा दिवस मागून घ्या, बऱ्याच वेळा देतात, किट कपाटातच पडलेली असतात.

एआयचं काय करायचं

मुलं वापरतायत. घरी बाबांच्या फोनवर, ताईच्या फोनवर, 'माझा आवडता ऋतू' मागवतायत आणि उतरवून आणतायत. 'वर्षा ऋतू मानवी जीवनात महत्त्वपूर्ण भूमिका बजावतो' असं सहावीतल्या पोराने लिहिलं की काय ते समजायचं. ओरडून काही होत नाही. निबंध वर्गातच लिहून घ्या, आणि एआय समोर आणा, पण तुमच्या फोनवर, टीव्हीला जोडून. चॅटजीपीटीची अट आहे, १३ वर्षांखाली नाही आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी, त्यामुळे सहावी-सातवीला खाती उघडून देऊ नका.

माझा ठरलेला तास असा. प्रश्न विचारायचा: बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे आली तिला किती वेळ लागला? तारीख १६ एप्रिल १८५३, अंतर ३४ किमी, यावर सगळे एकमत. वेळ मात्र कुठे ५७ मिनिटं सांगतात, कुठे सव्वा तास. एआय यातलं एक अगदी ठामपणे सांगतो, कुठेही अडखळत नाही. मग मुलांना पुस्तकं, वेबसाइट, जुनी कात्रणं जे मिळेल त्यातून दोन-दोन ठिकाणं शोधायला लावायची आणि फळ्यावर दोन रांगा करायच्या. वेग काढा: ५७ मिनिटं धरली तर ताशी जवळजवळ ३६ किमी, सव्वा तास धरला तर २७. कोणतं बरोबर ते मी सांगत नाही, कोणाचं म्हणणं कशावर आधारलेलं आहे ते विचारते. या तासाला हमखास कोणीतरी म्हणतं की बाई, स्लो लोकलला आजपण तासभरच लागतो, आणि वर्ग फुटतो.

गृहपाठ द्यायचा तर 'एआयने दिलेल्या या दहा ओळींतल्या तीन गोष्टी तपासून आणा' असा द्या. किंवा एआयला माहीतच नसणारं विचारा, तुमच्या गल्लीत पाणी किती वाजता येतं, आजीच्या वेळी इथे मिठागरं होती का.

घरचा फोन

हे शिक्षकांच्या लक्षात राहत नाही, विशेषतः ज्यांच्या घरात चार फोन आहेत. चिंचपाडा, रबाळे, दिघा, तिकडे दिवा-मुंब्रा, घरात एकच स्मार्टफोन आणि तो बाबांबरोबर कामावर, रात्री नऊला परत येतो, त्यात डेटा संपलेला. म्हणून फोन लागेल असा गृहपाठ सक्तीचा करू नका, मार्क तर त्यावर अजिबात ठेवू नका. जे करायचं ते शाळेत. व्हॉट्सॲप ग्रुपवर फार तर वहीचा फोटो, तोही जमेल त्याने.

मुलांचे फोटो, नावं, मार्क स्टेटसला टाकू नका. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरतो आणि पालकांची संमती मागतो, आणि कायदा बाजूला ठेवला तरी सातवीतल्या मुलीचा नाचतानाचा फोटो कुठे कुठे जातो याचा आपल्याला पत्ता नसतो. पालकसभेत दोन नंबर फळ्यावर लिहा, ऑनलाइन पैशाच्या फसवणुकीसाठी १९३० आणि मुलांच्या अडचणीसाठी १०९८. ओटीपीचं पालकांना सांगाच, मुलांपेक्षा त्यांनाच गरज जास्त.

पोर्शनचं काय

हा प्रश्न स्टाफरूममध्ये पहिला येतो, आणि रास्त आहे, कारण आधीच ऑनलाइन माहिती भरण्यात निम्मा जीव जातो आपला. माझा हिशोब असा की वर्षात प्रत्येक विषयाला असे दोन-तीनच मोठे तास घ्या, बाकी रोजचं फोनचा कॅमेरा खाली करून दाखवणं आणि कार्डं यांना वेगळा वेळ लागत नाही, उलट परत-परत शिकवायचा वाचतो. पावसाची नोंद रोज पाच मिनिटं, ती प्रार्थनेनंतर. मुख्याध्यापकांना आधी सांगा, पाठ टाचणात लिहा, म्हणजे कोणी तपासायला आलं तर 'बाई वर्गात फोन वापरतात' हे वेगळ्या अर्थाने पोचत नाही. आणि तो टीव्हीचा रिमोट ऑफिसच्या कपाटातून काढून सातवीच्या मॉनिटरकडे द्या. सेल संपले तर तोच आणतो.